वर सपाट लादी, खाली पाण्याची वाट

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, हे आपल्याला शाळेपासून माहिती आहे, पण त्याचा हिशोब एकदा आपल्या गच्चीवर करून बघा. ५० चौरस मीटरची गच्ची, एका दिवसात १०० मिमी पाऊस, म्हणजे ५००० लिटर पाणी. हजार लिटरच्या पाच काळ्या टाक्या रिकाम्या केल्यासारखं, आणि ते सगळं कोपऱ्यातल्या एकदोन पायपांतून खाली जायचंय.

म्हणून गच्चीला उतार हवाच. मीटरला १ सेंमी धरला तरी ६ मीटरच्या गच्चीत दोन टोकांत ६ सेंमीचा फरक पडतो, मग टेबल डुगडुगतं, खुर्ची कलते आणि घरातली माणसं मिस्त्रीला म्हणतात बाबा जरा सपाट कर. तो करतो. आमच्याकडे असंच झालं, चवथीला पाहुणे गच्चीवर बसतील म्हणून सगळं सपाट करून घेतलं आणि पुढच्या आषाढात खालच्या खोलीच्या छताला ओलीचा नकाशा उमटला. आता गळतीमुळे अख्ख्या गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली घरं म्हापशापासून मडगावपर्यंत दिसतातच.

पाण्याला उतार पाहिजे, माणसाला सपाट पाहिजे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच लादीकडून मागायच्या हीच मुळात चूक. पेडेस्टल नावाची वस्तू मला एवढी आवडते ती यासाठीच. स्लॅबवर उतार तसाच ठेवायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, त्यावर प्लास्टिकचे कमीजास्त उंचीचे पाय मांडायचे आणि त्यांच्यावर लाद्या नुसत्या टेकवायच्या, सिमेंट नाही की फटी बुजवायचं ग्राउट नाही. दोन लाद्यांमध्ये ३-४ मिमीची फट राहते, पाऊस त्या फटीतून खाली उतरतो आणि आपल्या उताराने निघून जातो.

पाय उंच-बुटका होतो तो आट्यांवर, गाडीच्या जॅकसारखा. समजा आट्यांमधलं अंतर ४ मिमी आहे, तर एक पूर्ण फेरा म्हणजे ४ मिमी, पाव फेरा म्हणजे १ मिमी, म्हणजे हाताने फिरवून मिलिमीटरची लेव्हल मिळते. मग वर वजन आल्यावर तो आपोआप फिरून खाली का बसत नाही? कारण आट्यांचा चढ इतका मंद असतो की वजनाचा फिरवणारा जोर घर्षणापुढे कमी पडतो.

उताराचं कोडं तर अजून सुंदर सोडवलंय. पाय उतारावर ठेवला की तो स्वतःच कलणार ना, मग काही पेडेस्टलमध्ये पाचरीसारख्या दोन चकत्या एकावर एक असतात, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. जाडीवर पातळ आली तर कल शून्य, जाडीवर जाड आली तर कल पूर्ण, आणि मधल्या कोनात फिरवत गेलं की मधला हवा तो कल मिळतो.

आता वजन. ६०×६० सेंमीची, २ सेंमी जाड पोर्सेलीन लादी साधारण १६-१७ किलोची. एकेका पायावर चार लाद्यांचे कोपरे टेकतात, म्हणजे हिशोबाने एका लादीएवढा भार. चौरस मीटरला २०० किलो माणसं-सामान धरलं तरी एका पायावर ९० किलोच्या आतबाहेर, आणि पायाची बैठक २० सेंमी व्यासाची असली तर दाब चौरस सेंमीला ३०० ग्रॅमसुद्धा होत नाही, त्यामुळे वॉटरप्रूफिंगला टोचत नाही. पण मातीने भरलेली मोठी कुंडी लादीच्या मधोमध ठेवायची असेल तर तिथे खाली जादा पाय द्याच, लादी मध्येच मोडते.

पाय बहुतेक पॉलीप्रोपिलीनचे असतात, ते खाऱ्या हवेत गंजत नाहीत, आणि इथे समुद्राकाठी लोखंडाचं काय होतं ते खिडकीच्या गजांना विचारा. ऊन मात्र या प्लास्टिकचा शत्रू, म्हणून त्यात काजळीसारखा कार्बन घालतात, काळा रंग त्याचाच, आणि शिवाय लादीची सावली असतेच. तीच सावली स्लॅबलाही मिळते, खालून हवा खेळते, मे महिन्यात वरच्या मजल्याला थोडा आराम. सिमेंटवर चिकटवलेली लादी उन्हात वाढते, स्लॅब वेगळा वाढतो, मग लादी पोकळ होऊन उचकटते. इथे प्रत्येक लादी मोकळी, तिला फुगायला फट आहे.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगतो. वरून सपाट दिसतंय म्हणून खालचा उतार चुकवू नका. लादीखाली पाणी साचलं तर ते दिसत नाही आणि एडिस डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दीड आठवडा पुरतो, डेंग्यूचा डास तोच. लाल माती आणि आंब्याच्या पानांचा चुराही त्या फटींतून खाली जातो आणि पायपाचं तोंड बुजवतो. म्हणून पायपाजवळची लादी कुठली ते लक्षात ठेवा, मे संपायच्या आत ती उचलून हात घालून साफ करा, आणि पहिला जोराचा पाऊस आला की तीच लादी उचलून खाली पाणी पळतंय की थांबलंय ते स्वतः बघा.