कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलत नाही

इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारं यंत्र म्हणजे कार्ब्युरेटर. तो मोठा बसवला की गाडी जास्त पळते, हा समज काही जाता जात नाही. मुळात कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलतच नाही. सिलिंडरने ओढलेली हवा वेंच्युरी या अरुंद भागातून जाताना वेग घेते, तिचा दाब उतरतो आणि फ्लोट चेंबरवरचा, म्हणजे पेट्रोलच्या छोट्या साठ्यावरचा, वातावरणाचा दाब पेट्रोल जेट या बारीक छिद्रातून वर चढवतो. वेंच्युरी फार रुंद असेल, तर कमी आरपीएमला (इंजिन सावकाश फिरताना) हवा रेंगाळते, दाब पुरेसा उतरत नाही आणि इंजिन अडखळतं.

ब्रिटनच्या जॉर्ज हर्बर्ट स्किनरने यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तोड काढली होती. त्याच्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये हवा वाढली की पिस्टन उचलला जातो, वाट रुंद होते. पिस्टनला लावलेली निमुळती सुईही जेटमधून वर सरकते. एमजी, जॅग्वार, मिनी कूपर याच्यावरच धावल्या.

पण माझा जीव अडकलाय तो इटलीच्या वेबरमध्ये. एदोआर्दो वेबरने बोलोन्यात 1923 साली कंपनी काढली. फेरारी 250 जीटीओच्या बारा सिलिंडरांवर वेबरचे सहा जुळे कार्ब्युरेटर होते, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी! वेंच्युरी ठरावीक मापाची असली की वेगळीच पंचाईत होते. हवेचा वेग वाढतो तशी ती विरळ होते, पेट्रोलची घनता मात्र तेवढीच राहते. त्यामुळे मिश्रण आपोआप रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होत जातं. उपाय म्हणजे इमल्शन ट्यूब. पेट्रोलच्या विहिरीत बुडवलेली ही भोकाभोकांची नळी. तिच्या माथ्यावरच्या एअर करेक्टर जेटमधून हवा आत शिरते आणि भोकांतून पेट्रोलमध्ये मिसळते. मागणी वाढली की विहिरीतली पातळी खाली जाते, आणखी भोकं उघडी पडतात, जास्त हवा मिसळते आणि मिश्रण पुन्हा जागेवर येतं. ना सेन्सर, ना वायर. ट्यूब, जेट आणि वेंच्युरी बदलून तेच यंत्र दुसऱ्या इंजिनाला जुळवता येतं.

1930च्या दशकात कॅनडाच्या चार्ल्स पोगच्या कार्ब्युरेटरवर गॅलनला 200 मैल मिळतात, असा गाजावाजा झाला. तेल कंपन्यांनी तो शोध दडपला ही कथा अजून फिरते. पेट्रोलमध्ये नसलेली ऊर्जा कुठलाही जेट काढून देणार नाही.

कमाल ताकदीला हवा-पेट्रोलचं प्रमाण (एक भाग पेट्रोलला वजनाने किती भाग हवा) साधारण 12.5 ते 13 लागतं, पूर्ण ज्वलनाला 14.7. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हे 14.7 सतत लागतं आणि एक्झॉस्टमध्ये काय चाललंय ते इमल्शन ट्यूबला कळत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांत सेन्सरच्या मदतीने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनने जागा घेतली ती इथेच. अमेरिकेतल्या नॅसकार कार शर्यतींच्या मुख्य मालिकेत मात्र कार्ब्युरेटर 2011च्या मोसमापर्यंत टिकले.