क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणून किडनी ठणठणीत?

कुत्र्याच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) मर्यादेत आलं की किडनी उत्तम, असं पालक एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आलेत. तसं नाही. किडनीचं साधारण 75 टक्के काम बंद पडेपर्यंत हा आकडा मर्यादेत राहू शकतो. शिवाय क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. म्हाताऱ्या, हडकुळ्या कुत्र्यात ते मुळातच कमी भरतं. (ग्रेहाउंडमध्ये मात्र निरोगी असूनही जास्त!) म्हणून त्याच कुत्र्याचे जुने रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. 0.8 चं 1.3 झालं असेल, तर लाल खूण नसली तरी डॉक्टरांना विचारा. सोबत लघवीची तपासणी हवीच: किडनी थकली की लघवी पातळ होते, पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं, आणि हे बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढायच्या आधीच दिसतं. एसडीएमए ही किडनीसाठीची रक्तचाचणीही लवकर इशारा देते.