लॅपटॉप डिजिटल मिक्सरला जोडण्याआधी वाचा

आम्ही कार्यक्रमांसाठी मिक्सर, म्हणजे माइक आणि गाण्यांचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारं यंत्र, भाड्याने देतो. गणपती, शिवजयंती आणि लग्नसराईत आमच्याकडे रात्री आठनंतर येणाऱ्या फोनची तक्रार ठरलेली असते. ''ओ मालक, म्युझिक वाजालंय, पण गाणाऱ्याचा आवाजच येईना!'' खानापूर असो की निपाणी, पुढचं वाक्यही तेच असतं : मिक्सर खराब दिलात.

मिक्सर चांगला असतो, चुकते ती केबल. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज असतात. मिक्सरच्या एक्सएलआर इनपुटला (माइकच्या तीन पिनांच्या गोल भोकाला) मात्र एकच आवाज दोन तारांवर, एक सुलटा आणि एक उलटा, असा लागतो. त्या दोहोंतला फरक तेवढा मिक्सर घेतो, त्यामुळे लांबच्या केबलमधली खरखर कापली जाते. बाजारात मिळणारी 'स्टीरिओ पिन ते एक एक्सएलआर' केबल लावलीत की डावा आवाज एका तारेवर आणि उजवा दुसऱ्या तारेवर जातो. गायकाचा आवाज दोन्हींकडे सारखाच असतो, म्हणून खरखरीसारखा तोही कापला जातो. बेसही बराचसा जातो. पिन अर्धी बाहेर ओढली की गाणं परत येतं, म्हणून काही मंडळी कार्यक्रमभर ती तशीच ठेवतात. मग कुणाचा तरी पाय केबलला लागतो.

त्यासाठी स्टीरिओ पिनेतून दोन मोनो (एकेकच आवाजाच्या) पिना निघणारी केबल वापरा. दोन चॅनेल घ्या, एक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे पॅन करा. त्या चॅनेलवरचा ४८ व्होल्टचा फँटम (काही माइकना मिक्सरमधून मिळणारा वीजपुरवठा) बंद आहे ना, तेही बघा.

चार्जर लावल्यावर 'हम्म' आवाज आला तर चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर भानगड अर्थिंगची आहे. मधे डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज एक्सएलआर इनपुटला जुळवून देणारी डबी) घाला आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे आवाजाच्या केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं, बटण दाबा. प्लगची अर्थची पिन कापायची कल्पना कुणी सुचवली तर त्याला मंडपाबाहेर पाठवा. करंट माइकमधून गाणाऱ्याच्या ओठाला लागतो.

डीआय बॉक्सचं भाडं वेगळं का, असं बरेच जण विचारतात. ज्यांना लॅपटॉप लावायचाच नाही, त्या भजनी मंडळांनी ते का भरावं? दोन पिनांची केबल मात्र आम्ही मिक्सरसोबत फुकट देतो. ती पेटीतच असते, जरा उघडून बघा.

यूएसबीने रेकॉर्डिंग करायचं असेल तर चौकोनी तोंडाची केबल लागते, पेनड्राइव्हचं भोक वेगळं. विंडोज असेल तर मिक्सरचा ड्रायव्हर घरीच टाकून या, मंडपात नेट मिळेलच असं नाही. मिक्सरचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८ किलोहर्ट्झवर असेल तर लॅपटॉपचाही ४८ वरच ठेवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा टुणटुण बंद करा, आरतीत तो फार मोठा ऐकू येतो.

आदल्या दिवशी लॅपटॉप घेऊन दुकानात आलात तर जोडून, वाजवून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. दहाला स्पीकर बंद करायचा असतो. साडेनऊला फोन केलात तर निम्मा वेळ केबल ओळखण्यातच जाईल, तेव्हा फोन करताना ती हातात धरूनच करा.