दयेचा अर्ज वेगळा, फेरविचार याचिका वेगळी

फाशी कायम झाल्याची बातमी आली की 'आता दयेचा अर्ज नाहीतर फेरविचार याचिका' असं एका दमात बोललं जातं. दोन्ही शेवटच्या टप्प्यावर येतात, म्हणून लोक एकाच मापाने मोजतात. ज्याने गुन्हा केलेलाच नाही त्याच्यासाठी मात्र या दोन वाटा दोन दिशांना जातात. आपल्या नाशिकच्या एका खटल्यात हे स्पष्ट दिसतं.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ शेतात राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला. घरातली आई जबर जखमी होऊनही वाचली. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, २००७ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली आणि ३० एप्रिल २००९ रोजी सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली.

इथून पुढे दयेचा अर्ज करता येतो. राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपतींकडे, कलम १६१ खाली राज्यपालांकडे. इंदिरा गांधी हत्येतला दोषी केहरसिंग याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की राष्ट्रपती पुरावाही स्वतंत्रपणे तपासू शकतात. पण त्यामुळे न्यायालयाचा निकाल बदलत नाही. प्रत्यक्षात दया मिळाली तर बहुधा फाशीची जन्मठेप होते. जीव वाचतो, पण कागदोपत्री माणूस खुनीच राहतो. निरपराध माणसाला 'माझ्यावर दया करा' म्हणायला लागणं हेच मला असह्य वाटतं.

फेरविचार याचिका कलम १३७ खाली सुप्रीम कोर्टातच होते, आणि ती थेट निकालालाच हात घालते. पण हे दार अतिशय अरुंद आहे. पुरावा नव्याने तोलायची ही जागा नाही. निकालात ढळढळीत चूक दाखवावी लागते, तीही शक्यतो त्याच न्यायाधीशांपुढे. पूर्वी तर फाशीच्या प्रकरणातही वकिलाला तोंड उघडायची संधी नव्हती, न्यायाधीश आपल्या दालनात कागद पाहून याचिका फेटाळत. नाशिकच्या या कैद्यांचीही याचिका आधी फेटाळलीच गेली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की फाशीच्या कैद्याची फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात, तीन न्यायाधीशांपुढे, वकिलाचं म्हणणं ऐकूनच निकाली काढायची. या एका बदलामुळे बंद झालेलं प्रकरण पुन्हा उघडलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोर्टाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकली. म्हणजे फेरविचाराने सुटका दिली नाही. सुटकेचा विचार पुन्हा होऊ शकेल, इतकंच केलं. पण तेवढंच हवं होतं.

कारण कागदपत्रांत एक गोष्ट वर्षानुवर्षं पडून होती. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या आईला पोलिसांच्या अल्बममधले गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिने त्यातले चौघे ओळखले होते. ते चौघे या सहांतले नव्हते, आणि त्यांचा तपास पुढे झालाच नाही. इतका मोठा कागद तीन न्यायालयांच्या नजरेतून निसटला, हे वाचून चीड येते.

५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर तुरुंगात जवळपास सोळा वर्षं गेली होती. त्यांच्यातला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, चुकलेले अधिकारी शोधावेत आणि आईने ओळखलेल्या चौघांचा पुढे तपास करावा, असे आदेशही कोर्टाने दिले. दयेच्या अर्जातून यातलं काहीच निघालं नसतं, त्या आईसाठीसुद्धा नाही.