वेताच्या काड्या आणि हौदाचं गणित

दिवाळीत भेट म्हणून आलेली ती बाटली महिनाभर आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभी होती. काचेची चौकोनी बाटली, आत पिवळसर द्रव, वर पंख्यासारख्या पसरलेल्या सहा काड्या. रीड डिफ्यूझर. पहिल्या दिवशी लिंबाचा, मोगऱ्याचा वास आला, चार दिवसांनी काहीच येईना. फुकटची गोष्ट म्हणून तक्रारही करता येईना. मग एका रविवारी काकू आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "काय गं, अत्तर सांडलंय का घरात?"

म्हणजे वास होता, फक्त आम्हाला येत नव्हता. पण गंमत अशी की तासाभराने काकूच म्हणाल्या, "गेला वाटतं वास." बाटली तीच, काड्या त्याच, खोली तीच. अशा वेळी दोष बाटलीला द्यायचा, खोलीला की नाकाला? तिघांनाही थोडा थोडा द्यावा लागतो.

आधी काडी. चांगल्या डिफ्यूझरमधली काडी वेताची असते. मास्तरांच्या हातातला तोच वेत, जो सह्याद्रीच्या ओल्या जंगलातही झाडांवर चढत जातो. वेत दिसतो बांबूसारखा, पण आतून तो अगदी वेगळा. बांबूला पेरं असतात आणि प्रत्येक पेरापाशी आडवा पडदा. वेताच्या खोडात मात्र पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या लांबच लांब सरळ गेलेल्या असतात. जुन्या वेताच्या खुर्चीचा तुकडा हाताशी असेल तर धारदार सुरीने टोक कापा आणि भिंगातून बघा: सुईने टोचल्यासारखी भोकंच भोकं दिसतील. तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने जोरात फुंका, पाण्यात बुडबुडे येतात. लाकडातून फुंकर आरपार जाते हे पाहताना मोठी माणसंही पुन्हा पुन्हा फुंकतात.

या नळ्यांतून द्रव वर चढतो तो केशाकर्षणाने, म्हणजे समईच्या वातीत तेल चढतं त्याच कारणाने. नळी जितकी बारीक तितकी चढण जास्त. डिफ्यूझरमध्ये असतो तसा द्रव ०.२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत साधारण ६ सेंटीमीटर चढतो, नळीचा व्यास निम्मा केला तर १२. पण ही चढण मोजायची बाटलीच्या तोंडापासून नव्हे, आतल्या द्रवाच्या पातळीपासून. बाटली भरलेली असताना पातळी तोंडाशी असते, म्हणून काडीचा बाहेरचा भाग चांगला ओला होतो. बाटली अर्ध्यावर आली की तेवढीच चढण बाटलीच्या आतच संपते आणि बाहेर काडी कोरडी राहते. "अर्धी बाटली शिल्लक आहे तरी वास का नाही?" याचं निम्मं उत्तर इथेच आहे. काड्या उलट्या करायला सांगतात तेही यासाठीच. भिजलेलं टोक वर येतं, कोरडं टोक आत जातं आणि पुढचे काही तास खोली पुन्हा दरवळते.

मुळात काड्या हव्यातच कशाला, बाटली नुसती उघडी ठेवली तर? बाटलीचं तोंड दीड सेंटीमीटरचं धरलं तर हवेला भिडणारा द्रवाचा पृष्ठभाग पावणेदोन चौरस सेंटीमीटर होतो. ३ मिलिमीटर जाडीची काडी बाहेर १० सेंटीमीटर ओली झाली तर तिचा पृष्ठभाग ९ चौरस सेंटीमीटरच्या वर जातो. सहा काड्यांचा मिळून पन्नासच्या पुढे, म्हणजे उघड्या तोंडाच्या तीसपट. काड्या कमी-जास्त करणं हाच या यंत्राचा एकमेव रेग्युलेटर.

बाटलीतला द्रव मात्र बहुतांशी सुगंध नसतोच. सुगंधी द्रव्यं साधारण पाचवा हिस्सा, बाकीचा असतो सावकाश उडणारा, पातळ, जवळजवळ बिनवासाचा द्रावक. बहुतेकदा ग्लायकॉलच्या कुळातला. त्याची निवड नाजूक असते. अल्कोहोल घातलं तर बाटली आठवड्यात कोरडी. खोबरेल किंवा बदामाचं तेल घातलं तर उलटा प्रकार. घरच्या घरी डिफ्यूझर करणारे हमखास इथे फसतात. तेल वातीत चढतं हे खरं, पण समईत ते उडतं ज्योतीच्या उष्णतेने. नुसत्या काडीवर खोबरेल बसून राहतं, घट्ट होतं आणि नळ्या बुजवतं. पंधरा दिवसांनी काडीला येतो तो खवट वास.

चांगल्या द्रवातही काड्या हळूहळू बुजतात. लिंबू-संत्र्याच्या वासातलं लिमोनीन चटकन उडतं. लव्हेंडरमधलं लिनालूल त्याहून मंद. व्हॅनिलिन तर लिमोनीनच्या मानाने हजारो पटींनी आळशी. एकाच काडीत हे सगळे सोबत चढतात, पण वर पोचल्यावर हलके आधी पळतात आणि जड तिथेच साचतात. म्हणून पहिल्या आठवड्यात लिंबू आणि दुसऱ्या महिन्यात नुसतं गोडूस काहीतरी. दोन महिन्यांनी काड्या चिकट आणि तपकिरी दिसू लागल्या की उलटून उपयोग नाही, नव्याच घ्यायच्या.

आता खोली. मला वाटतं खरा घोटाळा इथे होतो, आणि तो सोडवायला शाळेतलं हौदाचं गणित पुरतं: एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौदात पाणी किती? काडी हा भरणारा नळ, खिडकी हा रिकामा करणारा.

भरणारा नळ किती मोठा आहे बघा. १०० मिलिलिटरची बाटली तीन महिने पुरली तर दिवसाला सुमारे १ ग्रॅम द्रव उडतो, म्हणजे तासाला ४२ मिलिग्रॅम. त्यातला पाचवा हिस्सा सुगंध धरला तर तासाला ८ मिलिग्रॅम. पटण्यासाठी तुलना: एक उदबत्ती साधारण ग्रॅमभराची असते आणि तासाभराच्या आत जळून जाते. डिफ्यूझर दिवसभरात जेवढा द्रव सोडतो तेवढ्या वजनाचं काम उदबत्ती एका पूजेत उरकते. (धूरही सोडते, आणि तो फुप्फुसांना चांगला नाही, पण आत्ता मुद्दा वेगाचा आहे.)

आता खोली घ्या दहा बाय बाराची, दहा फूट उंच. ३४ घनमीटर हवा. खिडक्या बंद, स्प्लिट एसी चालू. हा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. फटींतून दोन तासांत एकदा हवा बदलते असं धरू. मग सुगंधाची पातळी स्थिरावते घनमीटरला सुमारे अर्ध्या मिलिग्रॅमवर. तीच खोली, पण समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि तासाला दहा वेळा हवा बदलतेय: पातळी विसाव्या हिस्श्यावर. आपल्याकडचे हॉल बहुधा या दुसऱ्या प्रकारचे. गॅलरीचं दार सताड उघडं, वर पंखा. पंख्याचं तर आणखी वेगळं. तो काड्यांवरची ओल भराभर उडवतो, म्हणजे बाटली लवकर संपते, आणि उडालेला वास गॅलरीतून शेजाऱ्यांकडे जातो. खोक्यावर छापलेल्या 'इतक्या चौरस फुटांसाठी' या आकड्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. चौरस फुटांत ना छताची उंची येते, ना खिडकी.

मग पंखा, खिडकी सगळं बंद करावं? तेही पूर्ण जमत नाही. डिफ्यूझर या नावात डिफ्यूजन आहे, मराठीत विसरण: रेणूंनी एकमेकांवर आपटत आपटत पसरणं. हवा खरोखर निश्चल असेल तर सुगंधाच्या रेणूला नुसत्या विसरणाने तीन मीटर जायला आठवड्याहून जास्त लागेल. पलंगाच्या उशाशी वास पोचतो तो हवेच्या बारीकसारीक प्रवाहांवर स्वार होऊन: माणसाच्या अंगाची ऊब, दाराची उघडझाप, उन्हाने तापलेली भिंत. नाव डिफ्यूझर, काम वाऱ्याचं.

सुगंधाचे रेणू हवेहून जड असतात, म्हणून वास खाली बसतो आणि बाटली उंचावर ठेवावी, असा सल्ला बरेच जण देतात. रेणू जड असतात हे खरंच. पण घनमीटरभर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास आणि त्यात सुगंध अर्धा मिलिग्रॅम. एवढ्याशा सुगंधाने हवेची घनता बदलत नाही, जिकडे हवा तिकडे वास. उंचीपेक्षा वाऱ्याची वाट महत्त्वाची. वाळ्याचे पडदे लावणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक होतं. ओला वाळा त्यांनी कधी कोपऱ्यात ठेवला नाही, वारा जिथून आत येतो त्या दारा-खिडकीतच टांगला. शिवाय पडद्यात हजारो बारीक मुळं, म्हणजे ओल्या पृष्ठभागाला तोटा नाही, आणि वरून पाणी शिंपडायला घरातली रिकामी पोरं. सहा काड्यांनी त्याच्याशी काय स्पर्धा करावी! बाटली बाहेर जाणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर, गॅलरीच्या दारापाशी ठेवणं मात्र टाळता येतं. आमची नेमकी तिथेच होती.

ऋतूचाही हिशेब असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा द्रव्यांची उडण्याची ओढ ढोबळमानाने दुप्पट होते. चोवीस अंशांच्या एसी खोलीत तीन महिने पुरणारी बाटली मे महिन्यातल्या चौतिसाच्या हॉलमध्ये दीड महिन्यात तळ गाठू शकते. दुसरीकडे पडदे, गादी, सोफा, भिंतीचा रंगसुद्धा सुगंध शोषून ठेवतात आणि हळूहळू परत सोडतात. नवी बाटली उघडल्यावर खोली 'भरायला' वेळ लागतो आणि बाटली उचलल्यावरही आठवडाभर वास रेंगाळतो तो यामुळे.

राहिलं नाक. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राही असतात. ही ग्राहींची व्यवस्था उलगडल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल मिळालं. सतत तोच रेणू येत राहिला की ग्राहीपेशी आवाज खाली करते. पेशीत शिरणारं कॅल्शियमच तिला आवरतं. वर मेंदू आहेच, जुन्या बातमीकडे दुर्लक्ष करायला बसलेला. काही मिनिटांत वास 'जातो'. काकूंचा गेला तो असा. डिफ्यूझर रात्रंदिवस एकाच लयीत वास सोडतो, म्हणजे नाकाला कंटाळा यावा यासाठीच जणू बनवलेला. उदबत्ती लागते, विझते, संध्याकाळी पुन्हा लागते. नाकाला दर वेळी नवी बातमी.

त्यात दुप्पट रेणू म्हणजे दुप्पट वास असं नाकाचं गणित नाही. दुपटीने फरक जेमतेम जाणवतो. म्हणून वास येईना म्हटल्यावर आणखी काड्या खोचणाऱ्यांना वास थोडाच जास्त मिळतो, बाटली मात्र भरभर संपते. खात्री करायची असेल तर वीस मिनिटं बाहेर फिरून या. दार उघडल्यावरचे पहिले दोन श्वास खरं सांगतात. शिवाय काही कस्तुरीसदृश कृत्रिम सुगंध काही जणांना जन्मतःच येत नाहीत. नवऱ्याला "नीट वास घे" म्हणून काही उपयोग नसतो, तो खोटं बोलत नाही.

डिफ्यूझर दुर्गंध घालवत नाही, त्याच्यावर पांघरूण घालतो, तेही तोकडं. बांगडे तळल्यानंतरच्या वासात मोगरा मिसळला की दोन्ही वाया. तिथे खिडकी उघडा आणि ताटल्यांना लिंबू चोळा; माशाच्या वासातलं अमाइन आम्लाने बांधलं जातं. मोरीच्या जाळीतून गटाराचा वास येत असेल तर आतल्या वाकड्या नळीतलं पाणी सुकलंय का ते बघा. तांब्याभर पाण्याचं काम आहे.

'नैसर्गिक' या शब्दाने हुरळून जाऊ नये. लिमोनीन संत्र्याच्या सालीतून आलेलं असलं तरी हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. घरात दमेकरी किंवा अर्धशिशीवालं कुणी असेल तर त्यांना आधी विचारावं. मांजर असेल तर बाटली नकोच: पडलेला द्रव पायाला लागतो, मांजर पाय चाटतं, आणि कित्येक सुगंधी तेलं तिच्या यकृताला पचवता येत नाहीत. रांगतं मूल असेल तरी नको. आणि लाकडाला तर हा द्रव लागूच देऊ नये. आमची बाटली एकदा पुसताना कलंडली. दोन चमचेही सांडले नसतील, पण टीव्हीखालच्या सागवानी कपाटाचं पॉलिश रात्रीत मऊ पडून सुरकुतलं. द्रावक तो, त्याने त्याचं काम केलं.

त्या डागानंतर बाटली बाथरूममध्ये गेली. सहा बाय चार, आठ फूट उंच, साडेपाच घनमीटरच्या आत. चार काड्या काढून दोनच ठेवल्या. तासाला एकदा हवा बदलते असं धरलं तरी सुगंधाची पातळी बंद एसी खोलीत सहा काड्यांनी येते तेवढीच येते, आणि बाटलीही तिप्पट चालते. आत आपण पाच-दहा मिनिटंच असतो, त्यामुळे नाक कंटाळायच्या आत बाहेर. काढलेल्या चार काड्या टिश्यूत गुंडाळून चपलांच्या कपाटात ठेवल्यात. दारं बंद, हवा जवळपास बदलतच नाही, आणि दोन महिने झाले तरी कपाट उघडलं की आधी मोगरा येतो, मग बूट.