संकटकाळातली ख्रिस्ती उपासना

संकटकाळातली ख्रिस्ती उपासना म्हणजे आजारपण, घरातला मृत्यू, नोकरी जाणं, छळ, तुरुंग, युद्ध अशा वेळी ठरवून देवाची स्तुती करणं, प्रार्थना करणं आणि आपला भार त्याच्यावर टाकणं. ह्यात 'ठरवून' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. मन भरून आलं म्हणून गायलेलं गाणं वेगळं, आणि आतून पार रिकामं वाटतंय, गळ्यातून आवाज फुटत नाहीये, तरी बसून एक स्तोत्र वाचलं ते वेगळं. ही नोंद त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

उपासनेसाठी बायबलच्या जुन्या करारात जो मुख्य हिब्रू शब्द आहे त्याचा अर्थ वाकणं, जमिनीवर पालथं पडणं असा आहे, आणि नव्या करारातला ग्रीक 'प्रोस्कुनेओ' पण साधारण तसाच. म्हणजे सुरुवात शरीरापासून होते, मनात काय चाललंय ते नंतर. भरवशासाठीचा हिब्रू शब्द 'बाताख', म्हणजे एखाद्यावर विसंबून राहणं, मग त्या वेळी हायसं वाटो की न वाटो. बऱ्याच लोकांची इथेच गल्लत होते, त्यांना वाटतं की आपल्याला देवाजवळ असल्यासारखं वाटत नाही म्हणजे आपला विश्वासच गेला, आणि मग ते प्रार्थनाच सोडून देतात.

ह्याचं सगळ्यात ठळक उदाहरण जुन्या करारातल्या ईयोबाचं. एकाच दिवशी गुरंढोरं गेली, नोकर मारले गेले, सात मुलगे आणि तीन मुली घर कोसळून मेल्या. पहिल्या अध्यायात लिहिलंय की तो उठला, त्याने झगा फाडला, डोकं भादरलं, आणि मग जमिनीवर पडून देवाला नमन केलं. हा क्रम नीट बघण्यासारखा आहे. त्याने दुःख आवरून, तोंड पुसून उपासना केली नाही, फाटलेल्या कपड्यातच केली. पुढे तिसऱ्या अध्यायात तर तो स्वतःच्या जन्माच्या दिवसालाच शाप देतो, मग पानंच्या पानं देवाशी वाद घालतो, आणि शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो ते त्याच्या मित्रांवर, ज्यांच्याकडे सगळ्या प्रश्नांची तयार उत्तरं होती. माझ्याविषयी योग्य ते ईयोबच बोलला, असं देव म्हणतो.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली एक तृतीयांशाहून जास्त विलापाची आहेत, तक्रारीची म्हटली तरी चालेल. तेरावं स्तोत्र फक्त सहा वचनांचं आहे, त्यात पहिल्या दोनच वचनांत 'किती काळ' हा प्रश्न चार वेळा येतो, कधीपर्यंत विसरणार, कधीपर्यंत तोंड लपवणार. मग पाचव्या वचनात एक 'पण' येतो, पण मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. मधे काहीही घडलेलं नाही, शत्रू तिथेच आहे, परिस्थिती तीच आहे, फक्त बोलणाऱ्याने तोंड वळवलंय. अख्खा विषय त्या एका 'पण'मध्ये आहे असं मला मनापासून वाटतं, कारण निवड करणं म्हणतात ते नेमकं हेच. आणि येशूने वधस्तंभावर जे म्हटलं, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. म्हणजे अगदी टोकाच्या क्षणी त्याच्या तोंडी आली ती एक जुनी, पाठ असलेली प्रार्थना.

हबक्कूक संदेष्ट्याचं उदाहरण पण खूप सांगितलं जातं. खास्दी, म्हणजे बाबेलच्या लोकांची स्वारी येणार हे त्याला कळलंय, आणि तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो एकेक गोष्ट मोजतो: अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. शेतीवर जगणाऱ्या माणसाकडे ह्याच्यापलीकडे उरतंच काय. मग म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. दानीएलाच्या पुस्तकात राजाच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत म्हणून शद्रख, मेशख आणि अबेदनगो ह्या तिघांना भट्टीत टाकायची धमकी मिळते, तेव्हा ते राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. हे 'नाही सोडवलं तरी' फार मोलाचं आहे, कारण त्यामुळे उपासना हा सौदा राहत नाही.

फिलिप्पै शहरातल्या तुरुंगात येशूचा प्रचार करणाऱ्या पौल आणि सीला ह्यांना फटके मारून पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं, आणि प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 मध्ये आहे की मध्यरात्रीच्या सुमाराला ते प्रार्थना करत होते, गात होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते. भूकंप होऊन दारं उघडली तो भाग सगळे सांगतात. पण गाणं भूकंपाच्या आधीचं आहे, पाठीवरच्या जखमा अजून धुतल्यापण नव्हत्या, त्या नंतर तुरुंगाच्या अधिकाऱ्याने धुतल्या.

नंतरच्या इतिहासातली दोन नावं इथे घ्यायलाच हवीत. मार्टिन रिंकार्ट हे जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचे लूथरन पाळक, तीस वर्षांच्या युद्धाचा काळ, तटबंदीच्या गावात आसऱ्याला आलेल्या लोकांची गर्दी, त्यात 1637 मध्ये प्लेग. बाकीचे पाळक मेले किंवा निघून गेले आणि त्या एका वर्षात त्यांनी 4000 च्या वर लोकांचे अंत्यविधी केले, त्यात त्यांची स्वतःची बायको पण होती. देवाचे आभार मानणारं त्यांचं गीत आजही जगभर गायलं जातं. ते प्लेगच्या धामधुमीत लिहिलं असं पुष्कळदा सांगतात, पण ते आधीचं मानलं जातं, घरच्यांनी जेवणाच्या वेळी म्हणायची प्रार्थना म्हणून केलेलं. मला तर हे जास्त पटतं, कारण रोज ताटावर बसून जे तोंडात बसलं तेच कठीण वर्षात हाताशी राहिलं असणार.

दुसरे शिकागोचे वकील होरेशियो स्पॅफर्ड. 1871 च्या मोठ्या आगीत त्यांचं बरंच नुकसान झालं, आणि 22 नोव्हेंबर 1873 ला अटलांटिकमध्ये 'व्हील द्यू हाव्र' हे जहाज बुडून त्यांच्या चारही मुली गेल्या, बायको तेवढी वाचली. बायकोकडे जाताना समुद्रावर त्यांना 'इट इज वेल विथ माय सोल' (माझ्या जिवाला शांती आहे) हे गीत सुचलं असं सांगतात. त्याला चाल दिली फिलिप ब्लिस ह्यांनी, आणि ते स्वतः 1876 च्या डिसेंबरमध्ये रेल्वेचा पूल कोसळून मेले. स्पॅफर्ड कुटुंबाचं पुढचं आयुष्य पण सरळ गेलं नाही, त्यांचा लहान मुलगा पण नंतर दगावला. गीत लिहिलं की दुःख थांबतं असं नसतं, हे ही गोष्ट सांगताना गाळू नये.

प्रत्यक्षात लोक हे करतात कसं, तर बहुतेक वेळा अगदी छोट्या छोट्या गोष्टींतून. स्तोत्र मोठ्याने वाचणं, प्रभूची प्रार्थना म्हणणं, रविवारी जाऊन मागच्या बाकावर नुसतं बसणं. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घ्यावी असं आहे, म्हणजे एकट्याने झेलायची ही गोष्टच नाही. ज्याला गाता येत नाही त्याच्या वतीने बाकीची मंडळी गाते. मी एकदा आयसीयूबाहेरच्या बाकावर रात्रभर बसलो होतो आणि एक वाक्य प्रार्थना जमेना, तेविसावं स्तोत्र लहानपणी पाठ केलेलं पण चौथ्या वचनाला अडकलो, तर शेजारच्या बाकावरच्या, ओळख ना पाळख अशा एका आजींनी पुढचं वचन हळू आवाजात पूर्ण केलं आणि परत आपली शाल ओढून डोळे मिटले. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा देवाचा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे नुसतं कण्हणं पण प्रार्थनेत धरलं जातं.

ह्या शिकवणीचा गैरवापर पण होतो आणि त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मूल गेलेल्या आईला 'रडू नको, स्तुती कर' म्हणणं हे ईयोबाच्या मित्रांचं काम आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात प्रत्येक स्थितीत आभार माना असं आहे, प्रत्येक गोष्टीबद्दल माना असं नाही, कॅन्सरबद्दल थँक यू म्हणायला कोणी सांगितलेलं नाही. विश्वास कमी पडला म्हणून बरा झाला नाहीस हे तर क्रूर आहे, पौलाने स्वतः आपल्या 'शरीरातल्या काट्या'साठी, म्हणजे सतत छळणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनंती केली आणि तो काढला गेला नाही. औषधं बंद करून फक्त प्रार्थना करा, किंवा घरात मारहाण होतेय तरी भरवसा ठेवून सहन करा, असं सांगणाऱ्याचं ऐकू नये. डॉक्टरकडे जाणं, पोलिसात जाणं, डिप्रेशनसाठी गोळी घेणं ह्यातलं काहीच देवावरच्या भरवशाच्या आड येत नाही.

आणि ज्यांना तो 'पण' अजून सापडत नाहीये त्यांच्यासाठी पवित्र शास्त्रात अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र ठेवलंय. त्यात वळण नाही, शेवटी आशेची ओळ नाही, मूळ हिब्रूत शेवटचा शब्द अंधाराचा आहे. तरी सुरुवात मात्र 'माझ्या तारणाऱ्या देवा' अशी आहे, आणि हाक मारणं शेवटपर्यंत चालू राहतं. कॅथलिक मंडळीच्या रोजच्या प्रार्थनाक्रमात दर शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी हेच स्तोत्र म्हणतात आणि दिवे मालवतात.