अमेरिकेतील खासगी संशोधन विद्यापीठांची मेरिट स्कॉलरशिप: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

अमेरिकेतल्या खासगी संशोधन विद्यापीठात पदवीसाठी जायचे म्हटले की पहिला प्रश्न पैशांचा येतो. फी, राहणे-जेवणे, पुस्तके, विमा आणि प्रवास धरून वर्षाचा खर्च आता अनेक ठिकाणी ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. सरकारी विद्यापीठांत त्या राज्यातल्या मुलांना फी कमी असते. खासगी विद्यापीठांत तसा भेद नाही, छापील फी सगळ्यांना एकच. म्हणून मेरिट स्कॉलरशिपकडे, म्हणजे गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीकडे, सगळे आशेने पाहतात, आणि गुण उत्तम असले की ती मिळतेच असे बहुतेकांना वाटते. गुण लागतातच. पण हा पैसा कोणत्या विद्यापीठात आहे, तो कोणत्या नियमाने वाटला जातो आणि कोणत्या तारखेच्या आत काय द्यावे लागते हे माहीत नसेल, तर हुशार विद्यार्थ्याचाही त्यासाठी विचारच होत नाही.

आधी पाहा, विद्यापीठ मेरिट देते का

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह आयव्ही लीग या जुन्या, नामांकित गटातली आठही विद्यापीठे पदवीच्या विद्यार्थ्यांना मेरिट स्कॉलरशिप देत नाहीत. एमआयटीही देत नाही. तिथली मदत फक्त कुटुंबाची आर्थिक गरज पाहून मिळते. तिथे प्रवेश मिळणारा जवळजवळ प्रत्येक जण गुणवंत असल्यामुळे गुणांवर पैसे वाटायचे नाहीत, अशी त्यांची भूमिका आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ आणि एमआयटी परदेशी विद्यार्थ्यांचा प्रवेश ठरवतानाही त्यांची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर विद्यापीठाने हिशेब करून ठरवलेली गरज पूर्ण भागवतात. तेव्हा उत्पन्न मध्यम असेल, तर या विद्यापीठांची गरजेवर आधारित मदत दुसरीकडच्या मेरिटपेक्षा कितीतरी मोठी ठरू शकते. हा पर्याय न तपासता सोडू नका.

ड्यूक, व्हँडरबिल्ट, एमरी, राइस, सदर्न कॅलिफोर्निया, बॉस्टन युनिव्हर्सिटी, मायामी ही खासगी विद्यापीठे मेरिट देतात. मात्र प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे.

पैसा का दिला जातो, हेही समजून घ्यायला हवे. काही शिष्यवृत्त्या देणगीदारांच्या निधीतून येतात आणि त्या खऱ्या अर्थाने मोजक्यांनाच मिळतात. बाकी बरीचशी मेरिट म्हणजे विद्यापीठाने स्वतःच्याच फीत दिलेली सूट असते. हवा असलेला विद्यार्थी दुसरीकडे जाऊ नये म्हणून ती दिली जाते. अमेरिकेतल्या खासगी महाविद्यालयांमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरासरी सूट गेली काही वर्षे छापील फीच्या निम्म्याहून अधिक आहे. ही सरासरी सगळ्या खासगी संस्थांची आहे. नामांकित संशोधन विद्यापीठांत इतकी सढळ सूट मिळेल असे धरून चालू नका. सगळ्यांत वरच्या विद्यापीठात जेमतेम प्रवेश मिळवणाऱ्याला मेरिट मिळण्याची शक्यता कमीच. त्याच विद्यार्थ्याने थोड्या खालच्या क्रमांकाच्या विद्यापीठात अर्ज केला, तर तिथल्या प्रवेशितांत तो वरच्या फळीत येतो आणि सूट त्याच्याकडे चालत येते. माझ्या मते, यादी करताना सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे.

निवडीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत आपोआप विचार होण्याची. प्रवेशअर्ज हाच स्कॉलरशिपचा अर्ज, वेगळे काही भरायचे नाही. राइसमध्ये असे आहे. ड्यूकच्या ए. बी. ड्यूक स्कॉलरशिपलाही वेगळा अर्ज नाही, प्रवेशअर्जातूनच अंतिम फेरीसाठी नावे निवडली जातात.

दुसरी पद्धत स्वतंत्र अर्जाची, आणि विद्यार्थी जास्त गळतात ते इथे. व्हँडरबिल्टचे उदाहरण घ्या. तिथे तीन मोठ्या शिष्यवृत्त्या आहेत, तिन्हींत पूर्ण ट्यूशन (शिकवण्याची फी) मिळते आणि उन्हाळ्यातल्या अभ्यासप्रकल्पासाठी वेगळी रक्कमही. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट शैक्षणिक कामगिरीवर भर देते, इंग्रम समाजसेवेवर, तर चान्सलर्स स्कॉलरशिप वेगवेगळ्या समाजगटांना जोडण्याच्या कामावर. एकच निबंध तिन्हीकडे पाठवला तर तो कुठेच नीट बसत नाही. प्रवेशाचा अर्ज गेल्यावर विद्यापीठाच्या पोर्टलवर हे स्वतंत्र अर्ज भरावे लागतात. पोर्टल उघडलेच नाही, तर नाव यादीत येतच नाही. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ मिळून चालवत असलेल्या रॉबर्टसन कार्यक्रमालाही वेगळा अर्ज लागतो.

तिसरी पद्धत तारखेवर अवलंबून असते. वेगळा अर्ज बहुधा नसतो, पण प्रवेशअर्ज नेहमीच्या मुदतीपेक्षा बराच आधी द्यावा लागतो. सदर्न कॅलिफोर्नियात बहुतेक अभ्यासक्रमांसाठी मेरिटचा विचार व्हायचा असेल तर १ नोव्हेंबरची, म्हणजे लवकर अर्ज देण्याची, अर्ली अ‍ॅक्शन मुदत पाळावी लागते. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या ट्रस्टी स्कॉलरशिपसाठी १ डिसेंबर ही तारीख आहे, शिवाय एक जादा निबंध. वर सांगितलेल्या व्हँडरबिल्टच्या स्वतंत्र अर्जांची मुदतही १ डिसेंबरच्या आसपास असते, एमरीच्या स्कॉलर प्रोग्रॅमची नोव्हेंबरच्या मध्यावर. जानेवारीतली सर्वसाधारण मुदत डोक्यात ठेवून बसलेल्यांच्या हातून हे सगळे निसटते. तारखा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून अर्ज करायच्या वर्षी त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच नोंदवून घ्या.

पात्रता

बहुतेक मेरिट शिष्यवृत्त्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी असतात. प्रवेशाच्या वेळी मिळाली नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मिळणे दुर्मीळ. दुसऱ्या महाविद्यालयातून बदली घेऊन येणाऱ्यांसाठी जागा फार थोड्या. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला तर स्कॉलरशिप टिकेलच असे नाही, ते लेखी विचारून घ्यावे.

नागरिकत्वाची अट प्रत्येक शिष्यवृत्तीपुढे तपासा. विद्यापीठाची स्वतःची मेरिट अनेकदा परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली असते. नॅशनल मेरिट स्कॉलरशिप ही राष्ट्रीय योजना मात्र अमेरिकी नागरिकांसाठी आणि तिथे कायम राहून नागरिकत्व घेणार असलेल्यांसाठी आहे. अमेरिकी सरकारच्या मदतीसाठीचा फाफ्सा हा अर्ज विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना लागू नाही.

गुणांची ठरावीक रेषा बहुधा कुठेच छापलेली नसते. नववी ते बारावीचा सलग आलेख, शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांपैकी कठीण विषय घेतले की नाही, एखाद्या कामात वर्षानुवर्षे टाकलेली भर आणि निबंधातून दिसणारा माणूस, या सगळ्याचा एकत्र विचार होतो. दहा उपक्रमांची यादी दाखवण्यापेक्षा दोन कामांत खोलवर गेलेला विद्यार्थी निवड समितीला जास्त स्पष्ट दिसतो.

हे सगळे पदवी शिक्षणापुरते. पीएचडीला विद्यापीठे साधारणपणे फी माफ करून वर मानधन देतात, तिचा मार्ग विभागाकडून जातो. मास्टर्सला सूट सहसा अंशतःच. स्टॅनफर्डचा नाइट-हेनेसी स्कॉलर्स हा पदव्युत्तर कार्यक्रम मोठा अपवाद आहे.

कागदपत्रे

कॉमन अ‍ॅपचा अर्ज, म्हणजे अनेक विद्यापीठांना पाठवता येणारा सामायिक ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला खुला होतो. त्यातला मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. शाळेकडून नववीपासूनची गुणपत्रके, शाळेचा अहवाल, समुपदेशकाचे किंवा मुख्याध्यापकांचे पत्र आणि बहुतेक ठिकाणी विषयशिक्षकांची एक-दोन शिफारसपत्रे जातात. टक्केवारीचे अमेरिकेतल्या चार गुणांच्या पट्टीवर स्वतःहून रूपांतर करू नका. गुणपत्रकावर जे आहे तेच लिहा. बारावीचा निकाल लागायचा असेल तर शाळेकडून अपेक्षित गुण आणि मधल्या परीक्षेचा अहवाल मागितला जातो.

सॅट किंवा एसीटी ही प्रवेशपरीक्षा काही विद्यापीठांत ऐच्छिक, काहींत पुन्हा सक्तीची झाली आहे. ऐच्छिक असली तरी चांगला स्कोअर असेल तर तो जोडावा. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी काय चालते ते पाहून घ्या. नाव सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच हवे. वडिलांचे नाव एका कागदावर मधे आणि दुसऱ्यावर नाही, असे झाले तर कागदपत्रे एकमेकांना जोडली जात नाहीत आणि अर्ज अपुरा दिसतो.

गरजेवर आधारित मदतही मागणार असाल तर सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा ऑनलाइन अर्ज, अनेक ठिकाणी भरावी लागते. तिच्यासाठी पालकांच्या उत्पन्नाचे आणि कराचे कागद, बँक खाती, मालमत्ता आणि कर्जे यांचा तपशील लागतो. इथे सावध राहावे लागते. प्रवेश ठरवताना ऐपत पाहणाऱ्या विद्यापीठांत मदत मागितल्याने परदेशी अर्जदाराच्या निवडीवर परिणाम होऊ शकतो, आणि सुरुवातीला मागितली नाही तर पुढच्या वर्षांत मागता येत नाही असा नियमही अनेक ठिकाणी आहे. हा निर्णय घरात बसून, आकडे समोर ठेवून घ्यावा.

मोठ्या शिष्यवृत्त्यांच्या अंतिम फेऱ्या साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन मुलाखतीने. निबंधात ज्या कामाबद्दल लिहिले त्यावर खोलात प्रश्न येतात, म्हणून स्वतःचे निबंध पुन्हा वाचून जा.

अर्ली डिसिजनबद्दल, म्हणजे एकाच विद्यापीठाला लवकर अर्ज करण्याच्या मार्गाबद्दल, एक इशारा. तो अर्ज बंधनकारक असतो, प्रवेश मिळाला तर जावेच लागते. त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठांच्या स्कॉलरशिपशी तुलना करायची संधी उरत नाही. मेरिटवरच सगळे अवलंबून असेल तर हा मार्ग घेऊ नये असे मला ठामपणे वाटते. अर्ली अ‍ॅक्शनला असे बंधन नसते.

पत्र हाती आल्यावर

पत्रातला मोठा आकडा आधी बाजूला ठेवा. वर्षाच्या एकूण खर्चातून स्कॉलरशिप वजा करा, उरते ती रक्कम तुमची. ९२,००० खर्चावर ३०,००० मिळाले तर ६२,००० उरले. ६०,००० खर्चाच्या विद्यापीठाने १२,००० दिले तर ४८,०००. स्कॉलरशिप लहान, पण घरचा भार हलका. पूर्ण ट्यूशन म्हणजे सगळा खर्च असेही नाही, राहणे-जेवणे तुमच्याकडेच राहते. मायामीच्या स्टॅम्प्स स्कॉलरशिपसारख्या थोड्याच शिष्यवृत्त्या संपूर्ण खर्च उचलतात.

मग चार वर्षांचा हिशेब मांडा. स्कॉलरशिप ठरावीक डॉलरची आहे की ट्यूशनच्या प्रमाणात, यावर सगळे फिरते. समजा ट्यूशन ६५,००० आहे, दरवर्षी ४ टक्के वाढते आणि स्कॉलरशिप २५,०००वर स्थिर आहे. पहिल्या वर्षी ट्यूशनचे ४०,००० भरायचे. चौथ्या वर्षी ट्यूशन सुमारे ७३,१०० होते आणि भरायचे ४८,१००. ट्यूशन साडेबारा टक्क्यांनी वाढली, तुमचा वाटा मात्र वीस टक्क्यांनी. पूर्ण किंवा अर्धी ट्यूशन देणारी शिष्यवृत्ती फीबरोबर वाढत जाते.

नूतनीकरणाच्या अटी बारकाईने वाचा. सरासरी ग्रेड किती राखायची (४ पैकी ३.० ही नेहमी दिसणारी पातळी, काही ठिकाणी जास्त), दर सत्राला पूर्णवेळ, म्हणजे सहसा किमान १२ क्रेडिट (अभ्यासक्रमांचे एकक) घ्यायची, आणि जास्तीत जास्त आठ सत्रे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात ग्रेड घसरणे सामान्य आहे. म्हणून ग्रेड खाली आली तर सुधारायला एखादे सत्र मिळते का, हे विचारा. स्कॉलरशिप एखाद्या विभागाची असेल, उदाहरणार्थ संगीताची, तर विषय बदलल्यावर ती जाऊ शकते. बाहेरच्या संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली तर काही विद्यापीठे तेवढी स्वतःची मदत कमी करतात. तेही आधीच विचारून ठेवा.

कराचा मुद्दा परदेशी विद्यार्थ्यांना उशिरा कळतो. ट्यूशन आणि सक्तीच्या फी-पुस्तकांसाठीची स्कॉलरशिप करमुक्त असते. राहण्या-जेवण्यासाठी मिळालेला भाग करपात्र धरला जातो आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याच्या बाबतीत त्यातून साधारण १४ टक्के कर आधीच कापला जातो. त्याची नोंद १०४२-एस या फॉर्मवर येते. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना विवरणपत्रात स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून ठरावीक वजावट) घेता येते, म्हणून कापलेल्या रकमेचा काही भाग परत मिळू शकतो. विवरणपत्र भरले तरच.

होकार कळवण्याची नेहमीची तारीख १ मे. त्याआधी वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे आर्थिक मदत कार्यालयाकडून ईमेलवर घ्या, फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका. होकार दिल्यावर विद्यापीठ आय-२० हा व्हिसासाठी लागणारा फॉर्म देते. त्यात पहिल्या वर्षाचा खर्च आणि तो कोठून येणार हे लिहिलेले असते. स्कॉलरशिपची रक्कम तिथे बरोबर नोंदली आहे का ते पाहा, कारण उरलेल्या रकमेचा पुरावा तुम्हाला द्यायचा असतो. नंतर ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची) भरून व्हिसाची वेळ घ्यायची आणि मुलाखतीला जाताना आय-२०सोबत स्कॉलरशिपचे मूळ पत्र व बँकेचे कागद न्यायचे.